बाईचा भूगोल

परदेशातून कोणी आलं की लोक चॉकलेट मागतात. आमच्याकडे लोक किस्सा मागतात. वऱ्हाडातल्या उंद्रीच्या बाजारात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातली जळालेली मोटार घेऊन माणूस येतो, स्टुलावर बसतो, मी कॉइल उकलायला लागतो आणि तो म्हणतो, "भाऊ, ते इस्तंबूलचं सांगा ना." मी सांगतो. सांगता सांगता दुसरं आठवतं, त्यातून तिसरं. किस्से कोणी जपून ठेवत नाही. डब्यात नट-बोल्ट साचतात तसे ते साचतात, आणि एक शोधायला हात घातला की मूठभर निघतात.

लोक हसतात, मीही हसतो. पण हे सगळं ज्या कारणानं घडलं ते हसण्यासारखं नव्हतं. ते आधी सांगतो.

माझी बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. सगळं गाव तिला बाई म्हणतं, म्हणून मीही बाईच म्हणतो. पाचवी ते सातवीला भूगोल शिकवायची. पन्नाशी उलटल्यावर ती उंबऱ्याला ठेचकाळायला लागली. दिवेलागणीला मोटारसायकलवरून उतरली की तिला फाटक सापडेना. चष्मा बदलला, पुन्हा बदलला. शेवटी संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा वाळत चाललाय, याला औषध नाही. नजर कडेकडेनं बंद होत जाईल. आत्ता नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, ती नळी बारीक होत जाईल.

बाईनं विचारलं, "मधलं किती दिवस राहील?"

डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

एसटीनं परत निघालो. देऊळगाव राजाच्या स्टँडवर गाडी थांबली, मी खाली उतरून केळी आणली, तिच्या हातात दिली. ती खिडकीबाहेर बघत होती. बघता बघताच म्हणाली, "नकाशावर बोट ठेवून पोरायले सारे देश दाखवले. मी एक नाही पाह्यला."

मी म्हणालो, "मंग?"

"जाऊ. दिसते तोवर जाऊ."

चिखली रोडला एक प्लॉट होता, मनीषासाठी ठेवलेला. तो विकायला काढला. मनीषा आमची एकुलती एक, पुण्याला असते. तिला फोन केला तर आधी ती रडली, मग चिडली. म्हणाली, तोच पैसा मुंबईच्या डॉक्टरांवर घाला. मुंबईलाही गेलो. तिथंही तेच सांगितलं. मग मनीषानंच आमच्या पासपोर्टचं सगळं करून दिलं.

बाईनं फक्त एक अट घातली. टूरमध्ये कोणाला काही सांगायचं नाही.

* * *

पहिली टूर सिंगापूरची. विमानात काय झालं, पट्टा कसा लावला, ते सगळ्यांचं सारखंच असतं, ते सोडून देतो.

हॉटेलात पोचलो. मोठा हॉल, सगळीकडे काच. ग्रुपमधले लोक किल्ल्या घ्यायला उभे होते. बाई माझा हात सोडून ताठ मानेनं पुढं निघाली, शाळेच्या व्हरांड्यातून चालल्यासारखी, आणि काचेच्या दारावर धाडकन आदळली. चष्मा एकीकडे, पर्स एकीकडे. सगळा हॉल वळून बघायला लागला. मी धावलो. कपाळावर टेंगूळ आलं होतं.

टूर मॅनेजर घाबरला, बर्फ मागवू का म्हणाला. बाईनं चष्मा घातला, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्याकडे काचा एवढ्या पुसत नाहीत हो. त्यामुळं दिसतात."

सगळे हसले. मॅनेजर तर टूर संपेपर्यंत ते वाक्य सांगत फिरला. खोलीत गेल्यावर तिनं दार लावलं आणि पलंगावर बसून मला विचारलं, "लय जोरात आवाज झाला का?"

मी म्हणालो, नाही.

* * *

त्याच ग्रुपमध्ये नाशिकच्या एक बाई होत्या. घरून बेसनाचे लाडू करून आणलेले. नाश्त्याला त्यांनी सगळ्यांना वाटले. बाईपुढं डबा धरला तो उजव्या बाजूनं, म्हणजे बाईच्या नळीच्या बाहेर. बाई समोर बघून चहा पीत राहिली. डबा थोडा वेळ तसाच धरलेला होता, मग पुढं गेला. मी बशी आणायला गेलो होतो, तिथून हे पाहिलं. परत आलो तेव्हा नाशिकच्या बाई पलीकडच्या टेबलावर सांगत होत्या, की काही लोकांना शिष्टपणा फार, पेन्शन मिळाली की माणूस ओळखत नाही.

मला बोलायचं होतं. बाईची अट आडवी आली.

दोन-चार दिवस त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. लिफ्टमध्ये भेटल्या तरी तोंड फिरवायच्या. बाईला तेही दिसत नव्हतं, त्यामुळं तिच्याकडून भांडण काही नव्हतंच.

शेवटच्या दिवशी मॉलमध्ये गेलो. कपड्यांच्या दुकानात बाईचा एका बाईला धक्का लागला. आमची बाई वळली, नम्रपणे म्हणाली, "सॉरी मॅडम, लागलं तर नाही ना?" उत्तर आलं नाही. बाईनं पुन्हा विचारलं. तो कोट घातलेला प्लास्टिकचा पुतळा होता.

मागं नाशिकच्या बाई उभ्या होत्या. त्या मोठ्यानं हसल्या. बाई अजून पुतळ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती. नाशिकच्या बाईंचं हसणं मध्येच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

त्या पुढं आल्या, बाईचा दंड धरला आणि म्हणाल्या, "चला, माझ्यासोबत साड्या बघा. ह्यांना काय कळतं." विमानतळापर्यंत तो हात त्यांनी सोडला नाही. आजही दर रविवारी त्यांचा फोन येतो. लाडवांचा विषय दोघींनी कधी काढला नाही.

* * *

पॅरिसला गेलो तोवर नळी फार बारीक झाली होती. समोर उभा माणूस तिला एका वेळी अर्धाच दिसायचा. चेहरा पाहिला की हात गेले, हात पाहिले की चेहरा गेला. ती म्हणायची, "तुकड्या-तुकड्यानं पाहाते अन् डोक्यात जोडते."

तो मोठा लोखंडी टॉवर पाहायला बसमधून उतरलो. सगळे फोटो काढायला पांगले. बाई एका जागी उभी राहिली आणि एका पायापासून सुरुवात केली. मी मदत म्हणून म्हणालो, "आपल्या शेतातून विजेच्या लाईनीचे टॉवर जातात ना, तसाच आहे. फक्त तारा नाहीत."

ती म्हणाली, "तुम्ही गप बसा."

मी गप बसलो. ती एक पाय पाहून दुसऱ्यावर गेली, मग तिसऱ्यावर. पायांच्या मधली कमान पाहायला तिला फार वेळ लागला. मान थोडी उचलायची, थांबायची, डोळे मिटून जोडायची, पुन्हा उचलायची. लोक येत होते, फोटो काढून जात होते. एका जोडप्यानं तिला बाजूला व्हायला सांगितलं, ती फोटोत येत होती. ती बाजूला झाली आणि तिची जागा चुकली. तिनं पुन्हा पहिल्या पायापासून सुरू केलं.

मॅनेजर हाका मारायला लागला. पुढं नदीतल्या बोटीची वेळ ठरलेली होती. मी तिचा हात धरला, चल म्हणालो.

ती म्हणाली, "थांबा. डोकं राह्यलं अजून."

मॅनेजर दुसऱ्यांदा आला. ग्रुपची माणसं बसच्या दारातून बघायला लागली. बाईनं त्यांची कुजबुज ऐकली आणि स्वतःच वळली. बसमध्ये बसल्यावर मला विचारलं, "वर काय होतं?"

मी म्हणालो, "निमुळता होत जातो. अन् संपतो."

"संपतो," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

* * *

आता इस्तंबूलचं. हा किस्सा मला आठवड्यातून एकदा तरी सांगावा लागतो.

तिथं एक छपराखालचा बाजार आहे. आपला आठवडी बाजार त्याच्या एका बोळात मावेल. गर्दी तशीच, ओरडाही तसाच. बाई माझ्या कोपराला धरून चालत होती. सगळा जन्म तांब्याच्या तारेत गेल्यामुळं तांबं दिसलं की माझे पाय थांबतात. एका दुकानात तांब्याची भांडी टांगलेली होती, त्यांवर ठोक्यांची नक्षी. एक घागर हातात घेऊन बघावी म्हणून मी बाईचा हात सोडवला. "इथंच उभी राय," म्हणालो. घागर ठेवून वळलो तर बाई नाही.

नाव घेऊन हाका मारायची सवय नाही, आणि "बाई, बाई" म्हणून ओरडलो तर निम्मा बाजार वळून बघायला लागला. या बोळात जा, त्या बोळात जा, फोन तिच्याजवळ नाही. मी एका चौकात येऊन नुसता गोल फिरत होतो.

मग ती दिसली. पुढच्या बोळात, पाठमोरी, एका माणसाच्या कोपराला धरून सावकाश चालली होती. माझ्यासारखाच पांढरा सदरा, माझ्याएवढीच उंची. सत्तरीचा तुर्की म्हातारा. बाई त्याला वऱ्हाडीत काहीतरी सांगत होती आणि तो मान डोलवत होता. हात सोडवून घ्यायचं त्याला सुचलं नसावं, किंवा सुचूनही त्यानं सोडवला नसावा. तिच्या चालीनं तो चालत होता. खड्डा आला तर आधी थांबत होता.

मी पुढं जाऊन उभा राहिलो. म्हाताऱ्यानं माझ्याकडं, माझ्या सदऱ्याकडं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्यानं बाईचा हात आपल्या कोपरावरून काढला, माझ्या हातात दिला, स्वतःच्या छातीवर हात ठेवून जरा झुकला आणि गर्दीत निघून गेला.

बाईला झाला प्रकार सांगितला. ती हसायला लागली. मग म्हणाली, "तरीच. मी म्हटलं, आज हे एवढं चुपचाप काऊन ऐकून राह्यले."

दुकानात किस्सा इथं संपतो. लोक मांडीवर हात मारून हसतात.

यातलं थोडं मी दुकानात सांगत नाही. मी मागून जवळ पोचलो तेव्हा बाईचं शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं होतं. ती म्हणत होती, "...मनीषाचं तोंड ध्यानात राहीन ना हो माह्या? मले त्याचंच भेव वाटते." त्याच्या आधी ती काय काय बोलली होती ते मला माहीत नाही. हॉटेलात गेल्यावर मी विषय काढला. ती म्हणाली, एकदा बोलून झालं, आता पुन्हा नको.

ते सगळं त्या म्हाताऱ्याला माहीत आहे. त्याला वऱ्हाडी येत नव्हतं.

* * *

हा किस्सा प्रवासातला नाही, पण मधे येतोच.

उन्हाळा होता. आठवडाभर सगळं धुरकट दिसतंय असं ती सांगत होती. मी दुपारी जेवायला घरी आलो. ती अंगणात बाजेवर बसून मेथी निवडत होती. डोक्यावर ऊन, कडुलिंबाची सावली बाजेवरून सरकलेली. माझ्या चपलांचा आवाज ऐकून ती म्हणाली, "लाईट गेली का हो?"

आमच्याकडं लाईट जायला वेळकाळ नसतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, गेली."

मी तिथंच उभा राहिलो. ती मेथीची पानं खुडत राहिली, काड्या एकीकडे, पानं एकीकडे. तिच्या हाताला उन्हाचा चटका बसत असणार. थोड्या वेळानं तिचे हात थांबले.

"आपण अंगणात आहो ना?" ती म्हणाली.

"हो."

मी बाजेवर तिच्या शेजारी बसलो. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग तिनं पुन्हा मेथी ओढून घेतली, म्हणाली, "जपानचं बुकिंग कॅन्सल करू नका."

* * *

गावात सगळे म्हणाले, आता कशाला. एक शेजारीण घरी येऊन तोंडावर म्हणाली, की बाई, आता तिथं जाऊन तुम्हाला काय दिसणार. मनीषाही फोनवर तेच म्हणाली, फक्त रडत म्हणाली. बाई एरवी घरात गावाकडचं बोलते, पण रागावली की शाळेतलं शुद्ध बोलते. ती म्हणाली, "मनीषा, मी जाणार आहे. हा विषय संपला." टूर मॅनेजरला तिनं स्वतः फोन लावून डोळ्यांचं सांगितलं. ती जुनी अट तिनंच मोडली.

जपानच्या विमानतळावर काउंटरवर एक कोवळा अधिकारी होता. बाईच्या हातात पांढरी काठी. त्यानं पासपोर्ट पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, कशासाठी आलात?

बाई म्हणाली, "साइटसीइंग."

त्यानं काठीकडं पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडं. मला वाटलं, आता अडवतो. त्यानं शिक्का मारला, उभा राहिला आणि कमरेत वाकला.

पुढं गेल्यावर मी तिला सांगितलं, त्यानं वाकून नमस्कार केला.

"मंग तुम्ही केला का?"

मी केला नव्हता. सामान तिच्याजवळ ठेवलं आणि मागं जाऊन करून आलो.

* * *

जपानमधलं मोठं संकट म्हणजे संडास. नवरा-बायकोनं सगळं जग सोबत फिरावं, पण त्या दारात सोबत सुटते. ग्रुपमधली एखादी बाई असली तर ठीक. एकदा कोणी नव्हतं. रेल्वे स्टेशन होतं. बाई म्हणाली, मी जाते, भिंतीला हात लावत जाईन. मी बाहेर उभा राहिलो.

तिकडच्या संडासात भिंतीवर बटणंच बटणं. थोड्या वेळानं आतून घंटा वाजायला लागली. मग युनिफॉर्ममधल्या मुली धावत आल्या, माझ्यासमोरून आत गेल्या. मला आत जाता येईना, भाषा येईना. मी नुसता दारात "माय वाइफ, माय वाइफ" करत राहिलो.

मग बाई बाहेर आली. दोन्ही बाजूंनी दोन मुली, मागं एक तिची पर्स घेऊन, पुढं एक रस्ता करत. तिनं फ्लश समजून मदतीचं बटण दाबलं होतं. दुसऱ्या कुठल्यातरी बटणाच्या धारेनं पदर ओला झाला होता. मला म्हणाली, "एवढा मान तं मले रिटायरमेंटच्या दिवशी नव्हता भेटला."

त्या मुलींना काही कळलं नाही, पण बाई हसली म्हणून त्याही हसल्या. इस्तंबूलनंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

* * *

शेवटचा किस्सा त्याच टूरचा. हा मी दुकानात कधी सांगितलेला नाही.

जपानचा तो प्रसिद्ध डोंगर, फुजी. ज्वालामुखीचा धडा शिकवताना बाई फळ्यावर त्याचंच चित्र काढायची. जपान घेतलं ते मुळात त्याच्यासाठी. सकाळीच बस निघाली. वाटेत आभाळ भरत गेलं. पोचायच्या थोडं आधी मॅनेजरनं माईक घेतला आणि सांगितलं, की आज ढगांमुळं डोंगर अजिबात दिसत नाहीये, त्याला इलाज नाही, उतरायचं असेल त्यांनी तळ्याकाठी पाय मोकळे करून या. बसमध्ये सगळे हळहळले. मी बाईकडे पाहिलं. खिडकीला डोकं टेकून तिला झोप लागली होती.

बस थांबली तशी ती म्हणाली, "आलं?"

"आलं."

बाकीचे बसमध्येच बसून राहिले, काही समोरच्या दुकानात शिरले. आम्ही दोघं खाली उतरलो. तळ्याच्या कडेला लोखंडी कठडा होता, तिला तिथं नेऊन उभं केलं. समोर पांढरं होतं. तळ्याचं काठाचं थोडं पाणी, एक बांधलेली होडी, आणि त्याच्यापुढं काहीच नाही.

"दिसते?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "दिसते."

"सांगा."

मी सांगायला लागलो. म्हणालो, टोक पांढरं आहे, बर्फ आहे. बर्फ सरळ रेघेत नाही संपत, ओघळत खाली आलाय, दुधाचं भांडं उतू गेल्यासारखा. त्याच्या खाली निळा रंग, मग काळपट. दोन्ही बाजू सारख्या उतरतात. मोंढ्याच्या धान्यबाजारात सोयाबीनचं पोतं ओतलं की ढीग पडतो ना, तशा. तिनं विचारलं, धूर? मी म्हणालो, नाही, शांत आहे. पायथ्याशी झाडं आहेत, दाट. त्यांच्या अलीकडं गाव आहे, घरांची छपरं दिसतात. तळ्यात त्याची उलटी सावली पडली आहे, टोक आपल्याकडं. वारा आला की ती हलते. मी आयुष्यात एका दमात एवढं कधी बोललो नव्हतो. ती मान थोडी वर करून ऐकत होती.

मग माझ्याजवळचं संपलं. मी थांबलो.

ती म्हणाली, "बसमधे मॅनेजर बोलला, तवा मी जागीच होती."

गार वारा होता. तिनं शाल घट्ट ओढून घेतली, दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि तोंड समोर ढगाकडं केलं.

"थांबले काऊन?" ती म्हणाली. "सांगा. डाव्या अंगाले काय आहे?"